मुंबईच्या उपनगरातून आर्क्टिकमध्ये ट्रेकला जायचं असेल तर काय तयारी लागते?

घाटकोपर किंवा मुलुंडहून रात्रीची कसारा लोकल पकडून गडावर जाणाऱ्यांना पाठीवर सॅक घेऊन चालणं नवं नसतं. पण सह्याद्रीत वाट चुकली तरी पायथ्याशी गाव असतं. तिथे पिठलं-भाकरी मिळते, ओटीवर झोपायला जागा मिळते, वाट दाखवायला माणूस मिळतो. अपघात झाला तर 'महाराष्ट्र माउंटेनियर्स रेस्क्यू कोऑर्डिनेशन सेंटर'मार्फत स्वयंसेवक धावून येतात. आर्क्टिकमध्ये, म्हणजे साधारण ६६.५ अंश उत्तर अक्षांशाच्या पलीकडे, अनेक ठिकाणी आठ-आठ दिवस गावच लागत नाही. त्यामुळे गावाकडून मिळणारी प्रत्येक मदत निघण्याआधीच ठरवून ठेवावी लागते.

कुठे जायचं?

पहिल्यांदा जाणाऱ्यांसाठी स्वीडनमधली 'कुंगस्लेडेन' ही वाट बरी. पूर्ण वाट सुमारे ४४० किमीची आहे, पण आबिस्को ते निक्कालुओक्ता हा साधारण १०५ किमीचा टप्पा आठवडाभरात होतो. वाटेत मुक्कामाच्या झोपड्या आहेत.

ग्रीनलंडमधली 'आर्क्टिक सर्कल ट्रेल' याहून एकाकी आहे. कांगरलुसुआक ते सिसिमिउत हे अंतर सुमारे १६० किमी. मध्ये एकही गाव नाही, दुकान नाही. आहेत त्या साध्या, रिकाम्या झोपड्या.

नॉर्वेच्या स्वालबार्डमध्ये ध्रुवीय अस्वलांचा धोका असतो. वस्तीबाहेर पडताना अस्वलाला पळवून लावण्याची साधनं जवळ असणं बंधनकारक आहे. तिथे नवख्यांनी स्थानिक गाइडबरोबरच जावं.

व्हिसा

स्वीडनसाठी शेंगेन व्हिसा लागतो. अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो. ग्रीनलंड शेंगेनमध्ये नाही. त्यामुळे डेन्मार्कच्या व्हिसावर 'ग्रीनलंडसाठी वैध' असा वेगळा उल्लेख करून घ्यावा लागतो. स्वालबार्डला व्हिसा लागत नाही, पण ऑस्लोमार्गे जाता-येता शेंगेनमध्ये दोनदा प्रवेश होतो. म्हणून एकाच प्रवेशाचा व्हिसा पुरत नाही.

कधी जायचं?

जून-जुलैमध्ये डासांचा त्रास फार असतो. ऑगस्टच्या उत्तरार्धापासून डास कमी होतात, मात्र थंडी वाढते. सांताक्रूझच्या वेधशाळेची नीचांकी नोंद ७.४ अंश सेल्सिअस (१९६२) आहे. मुंबईची ही विक्रमी थंडी म्हणजे तिथला ऑगस्ट-सप्टेंबरमधला साधा दिवस. रात्री पारा शून्याजवळ जातो.

खरा धोका भिजण्याचा असतो. पावसाळी ट्रेकमध्ये भिजलेला माणूस चहा पिऊन ठीक होतो. पाच अंशांत वारा आणि ओले कपडे एकत्र आले की शरीराचं तापमान वेगाने घसरतं. म्हणून झोपायचे कोरडे कपडे आणि स्लीपिंग बॅग वॉटरप्रूफ पिशवीत ठेवावी आणि काहीही झालं तरी ओली होऊ देऊ नये. सुती कपडे आणि जीन्स घरीच ठेवावेत.

खाणं आणि इंधन

माणशी रोज ६०० ते ७०० ग्रॅम कोरडं खाणं धरलं, तर दहा दिवसांचं सहा-सात किलो होतं. पोहे, उपम्याचं तयार पीठ, मेतकूट, शेंगदाण्याची चिक्की चालते. दूध आणि मांसाचे पदार्थ भारतातून युरोपीय संघाच्या देशांत नेता येत नाहीत, त्यामुळे तूप-पेढे नकोत. गॅसचं डबडं विमानात चालत नाही. ते तिथे पोहोचल्यावर घ्यावं.

मदत कशी मागायची?

मोबाइलला रेंज नसते, म्हणून सॅटेलाइट मेसेंजर लागतो. पण सरकारी परवानगीशिवाय असं उपकरण भारतात बाळगणं बेकायदा आहे आणि विमानतळावर कारवाई होऊ शकते. ते परदेशातच भाड्याने घ्यावं आणि परत देऊनच विमानात बसावं.

शेंगेन व्हिसासाठी किमान ३०,००० युरोंचा वैद्यकीय विमा लागतो. त्यात ट्रेकिंग आणि हेलिकॉप्टरने शोध-बचाव येतो का, हे पॉलिसीत वाचून घ्यावं. येत नसेल तर वेगळा विमा काढावा.

घरच्या एका माणसाकडे रोजचा मार्ग, मुक्काम आणि तिथल्या बचाव यंत्रणेचा नंबर लिहून द्यावा. 'अमुक तारखेला अमुक वाजेपर्यंत निरोप आला नाही, तर फोन कर' इतकं स्पष्ट सांगावं.

सराव कुठे करायचा?

बारा-पंधरा किलोची सॅक घेऊन अंधेरीच्या गिल्बर्ट हिलच्या पायऱ्या किंवा बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानातली कान्हेरीपर्यंतची चढण ही सुरुवात. पुढे अनेक दिवस सलग चालण्याची सवय हवी. मुलुंडच्या 'चक्रम हायकर्स'चा 'सह्यांकन' हा तशाच प्रकारचा ट्रेक. त्यानंतर हिमालयात थंडीतला एखादा ट्रेक करून तंबू, स्टोव्ह आणि स्लीपिंग बॅग पारखून घ्यावी.

वेळापत्रकात किमान दोन दिवस मोकळे ठेवावेत. हिमनदीतून येणाऱ्या नद्यांना दुपारनंतर पाणी चढतं आणि पहाटे ते उतरतं. हाताशी दिवस असेल तर काठावर तंबू टाकून थांबता येतं. दुसऱ्या दिवशीच परतीचं विमान असेल, तर माणूस भरल्या पाण्यात उतरतो.