हौशी उपग्रह आणि हरवलेली विमाने

१६ ऑक्टोबर १९७२ रोजी अलास्कातील अँकरेजहून जूनोकडे निघालेले एक छोटे विमान वाटेतच नाहीसे झाले. विमानात अमेरिकी प्रतिनिधिगृहाचे दोन सदस्य, हेल बॉग्ज आणि निक बेगिच, होते. ३९ दिवस शोध चालला, पण विमानाचा तुकडाही हाती लागला नाही.

योगायोग असा, की आदल्याच दिवशी कॅलिफोर्नियातून एका हवामान उपग्रहाच्या सोबतीने ‘ऑस्कर-६’ हा लहानसा उपग्रह अवकाशात गेला होता. तो बांधला होता अमेरिका, ऑस्ट्रेलिया आणि पश्चिम जर्मनीतील हौशी रेडिओ-चालकांनी, म्हणजे ‘हॅम’ मंडळींनी. दूरदूरच्या हौशी मित्रांशी बोलता यावे, एवढाच त्यांचा हेतू. परंतु हरवलेली विमाने शोधण्याच्या इतिहासात या उपग्रहाला मानाचे स्थान आहे. ते कसे, हे आपण पाहू.

विमान आदळताच आपोआप सुरू होणारा, बॅटरीवर चालणारा छोटा प्रक्षेपक तेव्हा वापरात येऊ लागला होता. तो १२१.५ मेगाहर्ट्झ या आणीबाणीच्या वारंवारतेवर हाक देई. पण या लहरी सरळ रेषेत जातात. डोंगर आडवा आला की हाक तिथेच अडते. शिवाय ती ऐकू आली, तरी नेमकी कुठून आली हे कसे कळणार?

उत्तर आपल्या परिचयाचे आहे. शिटी वाजवत जाणारी आगगाडी आपल्याला ओलांडते, तेव्हा शिटीचा स्वर उतरतो. हाच डॉप्लर परिणाम. ऑक्टोबर १९५७ मध्ये ग्वायर आणि वायफनबाख या अमेरिकी शास्त्रज्ञांनी स्पुटनिकच्या संदेशाची वारंवारता कशी बदलते हे मोजून त्याची कक्षा काढली. पुढच्याच वर्षी त्यांचे सहकारी मॅक्क्लूअर यांनी प्रश्न उलटा केला. कक्षा ठाऊक असेल, तर जमिनीवरचे अज्ञात ठिकाण का काढता येऊ नये?

उपग्रह सेकंदाला सुमारे ७ किलोमीटर वेगाने जातो. त्यामुळे १२१.५ मेगाहर्ट्झच्या हाकेत सुमारे अडीच हजार हर्ट्झचा फरक पडतो. फरक शून्य होतो त्या क्षणी उपग्रह प्रक्षेपकाच्या सर्वांत जवळ असतो. प्रक्षेपक उपग्रहाच्या मार्गालगत असेल तर स्वर झपाट्याने उतरतो, दूर असेल तर सावकाश. या उताराच्या तीव्रतेवरून अंतर मिळते.

ही कल्पना प्रत्यक्षात उतरते का, हे तपासायला कॅनडाच्या संशोधकांनी हौशी मंडळींचाच उपग्रह वापरला. ऑस्कर-६ च्या मदतीने जमिनीवरच्या क्षीण प्रक्षेपकाचे स्थान त्यांनी काढून दाखवले. १९७९ मध्ये, शीतयुद्ध चालू असतानाच, अमेरिका, सोव्हिएत संघ, कॅनडा आणि फ्रान्स यांनी एकत्र येऊन ‘कॉस्पास-सारसॅट’ योजना आखली. ३० जून १९८२ रोजी पहिला सोव्हिएत उपग्रह उडाला. त्याच सप्टेंबरमध्ये त्याने ऐकलेल्या हाकेवरून कॅनडाच्या ब्रिटिश कोलंबियात कोसळलेल्या विमानातील तिघांचे प्राण वाचले.

या हाकेत एक उणीव होती. विमान कोणते, हे तिच्यातून कळत नसे. विमान जोरात टेकले, तरी प्रक्षेपक सुरू होई. बहुतेक हाका खोट्याच निघत आणि पथके व्यर्थ धावत. म्हणून प्रत्येक प्रक्षेपकाची ओळख सांगणारी, ४०६ मेगाहर्ट्झवरील अंकीय पद्धत आली. १ फेब्रुवारी २००९ पासून उपग्रहांनी १२१.५ वरच्या हाका टिपणे थांबवले. मात्र विमाने आजही त्या वारंवारतेवर कान ठेवतात आणि शोधपथके शेवटचे अंतर तिच्याच आधारे कापतात. भारतही या योजनेत आहे. इस्रोची केंद्रे बेंगळुरू आणि लखनौ येथे आहेत.

बॉग्ज आणि बेगिच यांचे विमान अजूनही सापडलेले नाही. वर्गात डॉप्लर परिणाम शिकवताना आगगाडीच्या शिटीपाशी न थांबता ही हकीकतही सांगावी. गप्पांसाठी बांधलेला उपग्रह माणसांचे प्राण वाचवण्याच्या कामी आला, तो याच शिटीच्या नियमामुळे.