उमेदवारांचा मुनाजरा : एका राहून गेलेल्या चर्चेचा इतिहास

निवडणूक आली की आमच्या पुरुषोत्तमनगर-शहादा भागात काय काय येते, ते सगळ्यांना ठाऊक आहे. भोंगे लावलेल्या रिक्षा येतात, गाड्यांचे ताफे येतात, कोपरा सभा होतात, घरोघरी पत्रके वाटली जातात. प्रत्येक उमेदवार आपापल्या मंचावर, आपल्याच माणसांसमोर, हवे तितके बोलतो. पण एकाच जागेसाठी उभे असलेले सगळे उमेदवार शेजारी शेजारी बसले आहेत, त्यांना सारखेच प्रश्न आणि सारखाच वेळ मिळतो आहे आणि आपण ते घरात बसून टीव्हीवर पाहतो आहोत, असे मात्र मला आठवत नाही.

यावर कोणी म्हणेल, ‘गुरुजी, टीव्हीवर बहस तर रोज रात्री असते.’ असते खरी. पडद्यावर आठ चौकटी, आठही जण एकदम बोलणारे. त्यात एक दाढी-टोपीवाले गृहस्थ आणून बसवलेले, आणि बाकीचे त्यांच्यावर तुटून पडलेले. मुसलमानांच्या घरात ‘बहस’ या शब्दाचा आता असा अर्थ झाला आहे की वडीलधारी माणसे रिमोट उचलून टीव्ही बंद करतात. म्हणून आधी शब्द नीट समजून घेऊ.

आपल्या मदरशांच्या दर्स-ए-निजामी अभ्यासक्रमात वादशास्त्र हा एक विषय होता. त्यासाठी सतराव्या शतकातील अब्दुर रशीद जौनपुरी यांचा ‘रशीदिया’ हा ग्रंथ शिकवला जाई. या शास्त्राने वादाचे तीन प्रकार सांगितले आहेत. दोघे मिळून खरे काय ते बाहेर यावे म्हणून बोलतात, तो मुनाजरा. समोरच्याला गप्प करणे एवढाच हेतू असतो, तो मुजादला. आणि सत्य शोधायचे नाही, उत्तरही द्यायचे नाही, नुसता हट्ट मिरवायचा, तो मुकाबरा. मुनाजऱ्यात एक दावा करणारा असतो आणि एक विचारणारा. पुरावा देण्याची जबाबदारी दावा करणाऱ्यावर असते. विचारणाऱ्याने त्याचे बोलणे पुरे होऊ द्यायचे आणि मग शंका काढायची. आता रोज रात्रीची बहस यांतल्या कोणत्या खान्यात बसते, ते वाचकांनीच ठरवावे.

हे शास्त्र नुसते पुस्तकात राहिले नाही. १८५४ च्या एप्रिल महिन्यात, १० आणि ११ तारखेला, आग्रा येथे मौलाना रहमतुल्लाह कैरानवी आणि जर्मन मिशनरी कार्ल फांडर यांचा जाहीर मुनाजरा झाला. त्याआधी दोघांनी पत्रव्यवहार करून विषय आणि त्यांचा क्रम ठरवला होता. दोघांच्या शेजारी एकेक सहायक होता. मौलानांबरोबर डॉ. वजीर खान आणि फांडर यांच्याबरोबर पाद्री फ्रेंच. ठरलेल्या पाच विषयांपैकी दोनच विषय झाले आणि चर्चा थांबली. पुढे दोन्ही बाजूंनी आपापली हकिकत छापली. हुकूमत इंग्रजांची, फांडर युरोपातून आलेले, आणि मौलाना कैराना गावचे एक आलिम. तरीही त्या दोन दिवसांपुरते ते बरोबरीने बसले, कारण अटी दोघांनी मिळून ठरवल्या होत्या.

मराठी मुलखातही हा रिवाज होता. १८५७ च्या पहिल्या काही महिन्यांत विष्णुबुवा ब्रह्मचारी मुंबईच्या समुद्रकिनारी ख्रिस्ती मिशनऱ्यांशी जाहीर वाद करत होते आणि लोक ऐकायला जमत होते. तेव्हा ना वीज होती ना मायक्रोफोन. विरोधकासमोर उभे राहून त्याच्या प्रश्नाला उत्तर द्यायचे, ही गोष्ट आपल्याला परदेशाकडून शिकावी लागेल अशी नाही.

टीव्ही आला तेव्हा तीच जुनी गोष्ट नव्या अडचणी घेऊन आली. २६ सप्टेंबर १९६० रोजी शिकागोच्या एका स्टुडिओत जॉन केनेडी आणि रिचर्ड निक्सन समोरासमोर आले. आरंभी प्रत्येकाला आठ मिनिटे, मग पत्रकारांचे प्रश्न, शेवटी समारोप. सुमारे सात कोटी लोकांनी ते पाहिले. निक्सन नुकतेच आजारातून उठले होते. त्यांचा उतरलेला चेहरा आणि घाम यांचीच चर्चा पुढे वर्षानुवर्षे झाली. पण आपल्या कामाची गोष्ट वेगळी आहे. अमेरिकेच्या १९३४ च्या कायद्यानुसार एका उमेदवाराला प्रसारणाचा वेळ दिला तर त्या पदाच्या इतर उमेदवारांनाही तशीच संधी द्यावी लागे. ही अट त्या वर्षापुरती संसदेने बाजूला ठेवली, म्हणून दोघांचाच कार्यक्रम होऊ शकला. म्हणजे टीव्हीवरची ही गाजलेली चर्चा लहान उमेदवारांना दाराबाहेर ठेवूनच सुरू झाली.

त्यानंतर १९६४, १९६८ आणि १९७२ या तिन्ही निवडणुकांत अशी चर्चा झाली नाही. जो पुढे आहे त्याला चर्चेत उतरून काय मिळणार? आपण पुढे आहोत असे वाटणारा उमेदवार चर्चा टाळतो, हे तिथेही खरे आणि इथेही. १९७६ पासून ‘लीग ऑफ विमेन व्होटर्स’ या महिला मतदारांच्या संघटनेने पुढाकार घेतला आणि चर्चा पुन्हा सुरू झाल्या. पण १९८८ मध्ये दोन्ही मोठ्या पक्षांच्या प्रचारप्रमुखांनी आपसात बसून प्रश्न कोण विचारणार, प्रेक्षक कोण असणार, हे सगळे परस्पर ठरवले. तेव्हा ही मतदारांची फसवणूक आहे, असे जाहीर करून लीगने अंग काढून घेतले. ज्यांची परीक्षा घ्यायची त्यांनीच परीक्षक नेमले, तर त्या परीक्षेचा निकाल काय लागणार, हे आम्हा शिक्षकांना वेगळे सांगायला नको.

आता आपल्या देशाकडे येऊ. १९७७ च्या लोकसभा निवडणुकीत पहिल्यांदा राजकीय पक्षांना आकाशवाणी आणि दूरदर्शनवरून प्रचाराची भाषणे करू दिली गेली. आणीबाणीनंतर विरोधकांचा आवाज सरकारी रेडिओवर ऐकू येणे, ही त्या पिढीसाठी मोठी गोष्ट होती. १६ जानेवारी १९९८ रोजी या व्यवस्थेला नवी योजना मिळाली. मान्यताप्राप्त राष्ट्रीय आणि राज्य पक्षांना काही वेळ सारखा आणि वरचा वेळ मागच्या निवडणुकीतील मतांनुसार. राज्याच्या निवडणुकीत हा सारखा वेळ ४५ मिनिटांचा असतो आणि एका बैठकीत कोणालाही १५ मिनिटांपेक्षा जास्त मिळत नाही. भाषणाचा मजकूर आधी द्यावा लागतो. त्यात कोणत्याही धर्मावर किंवा समाजावर हल्ला चालत नाही, कोणाचे नाव घेऊन टीकाही चालत नाही. २००३ मध्ये लोकप्रतिनिधित्व कायद्यात कलम ३९-अ घालून इलेक्ट्रॉनिक माध्यमांवरील वेळेच्या न्याय्य वाटपाला कायद्याचा आधार दिला गेला.

याच योजनेत आणखी एक तरतूद आहे, जी फार थोड्यांना माहीत असते. पक्षांच्या भाषणांखेरीज प्रसार भारतीने जास्तीत जास्त दोन चर्चा घडवाव्यात, प्रत्येक पात्र पक्षाने एक प्रतिनिधी पाठवावा आणि चर्चा चालवणाऱ्याच्या नावाला निवडणूक आयोगाने मंजुरी द्यावी. म्हणजे ‘सूत्रधार कोणाचा माणूस?’ या सर्वांत नाजूक प्रश्नाचे उत्तर आपल्याकडे १९९८ पासून कागदावर आहे.

मग कमी कुठे आहे? एक तर ही सगळी व्यवस्था पक्षांसाठी आहे, उमेदवारांसाठी नाही. शहाद्याचा उमेदवार शहाद्याच्या प्रश्नावर काय म्हणतो, हे त्यातून कळत नाही. अपक्षाला तर त्यात जागाच नाही. दुसरे म्हणजे वरचा वेळ मागच्या मतांवर मिळतो. काल जो मोठा होता त्याला आज बोलायला जास्त वेळ. नव्या माणसाने काय करावे?

देशपातळीवर समोरासमोर चर्चेचा एक प्रयत्न अलीकडेच झाला. ९ मे २०२४ रोजी निवृत्त न्यायमूर्ती मदन लोकूर, निवृत्त न्यायमूर्ती अजित शहा आणि ज्येष्ठ पत्रकार एन. राम यांनी नरेंद्र मोदी आणि राहुल गांधी यांना खुले पत्र लिहून जाहीर चर्चेचे आवाहन केले. यांपैकी अजित शहा हे आपल्या सोलापूरचे. राहुल गांधी यांनी दोन दिवसांत होकार कळवला. भाजपच्या युवा मोर्चाने चर्चेसाठी आपल्या एका पदाधिकाऱ्याचे नाव पुढे केले. चर्चा काही झाली नाही. १३ मेला आमच्या नंदुरबार मतदारसंघाचे मतदान झाले आणि विषय मागे पडला. अशा वेळी एकाला दोष देऊन मोकळे होणे सोपे असते. पण निवडणूक ऐन रंगात आल्यावर पत्र लिहायचे आणि येणे न येणे नेत्याच्या मर्जीवर सोडायचे, या पद्धतीने कोणत्याही पक्षाचा पुढारी कधी येईल, याची खात्री देता येत नाही. वेळ, जागा, सूत्रधार आणि गैरहजर राहिल्यास काय, हे निवडणूक जाहीर होण्याआधीच ठरलेले असावे लागते.

असे ठरवून दाखवले ते ट्युनिशियाने. २०१९ च्या सप्टेंबरमध्ये तिथे राष्ट्राध्यक्षपदासाठी २६ उमेदवार उभे होते. एवढ्या जणांची चर्चा कशी घेणार? त्यांनी ७, ८ आणि ९ सप्टेंबर अशा तीन रात्री ठरवल्या आणि उमेदवारांची तीन गटांत वाटणी केली. प्रश्न चिठ्ठ्या टाकून काढले. उत्तराला मोजके सेकंद, समोर घड्याळ. सरकारी वाहिनी आणि निवडणूक यंत्रणा यांच्याबरोबर हे काम करणाऱ्या संस्थेचे नाव लक्षात ठेवण्यासारखे आहे, ‘मुनाजरा’. अरबी उच्चारात थोडा फरक आहे, पण शब्द आपलाच, रशीदियातला.

त्यात नबील करवी हे उमेदवार आर्थिक गैरव्यवहाराच्या आरोपाखाली तुरुंगात होते. त्यांची जागा दुसऱ्या कोणाला दिली नाही. ती मंचावर रिकामी ठेवली आणि सगळ्या देशाने ती पाहिली. दुसऱ्या फेरीआधी करवी सुटले आणि ११ ऑक्टोबरला त्यांची आणि कैस सईद यांची समोरासमोर चर्चा झाली. सईद निवडून आले. पुढे २५ जुलै २०२१ रोजी याच सईद यांनी संसद स्थगित केली. हेही सांगितले पाहिजे. चांगल्या चर्चेतून चांगला राज्यकर्ताच निघेल, अशी हमी नाही. पण त्याने लोकांसमोर काय कबूल केले होते, याची नोंद राहते आणि उद्या त्याला ती दाखवता येते.

इजिप्तचा अनुभवही यात जोडावा लागेल. १० मे २०१२ रोजी तिथे अम्र मूसा आणि अब्दुल मुनइम अबुल फुतूह या दोघांचीच चर्चा झाली, चार तासांहून अधिक. पुढे दुसऱ्या फेरीत गेले ते मुर्सी आणि शफीक. चर्चेतले दोघेही बाहेर पडले. आघाडीवर कोण आहे, हे आयोजकांनी ठरवून दोघांनाच बोलावले की असे होते. ट्युनिशियाची रीत त्यापेक्षा इन्साफाची.

या सगळ्याचा नंदुरबारशी काय संबंध? संबंध आहे आणि तो मुस्लिम मतदारासाठी विशेष आहे. लोकसभेची जागा आणि जिल्ह्यातल्या अक्कलकुवा, शहादा, नंदुरबार, नवापूर या चारही विधानसभा जागा अनुसूचित जमातींसाठी राखीव आहेत. हे आरक्षण योग्यच आहे. हा आदिवासींचा मुलूख आहे. तडवी भिल्ल मुस्लिम बांधव त्या यादीत येतात. बाकी आम्ही या जागांवर उभे राहू शकत नाही. आमच्या हातात एक मत आहे आणि एक प्रश्न. मत तर आम्ही देतोच. प्रश्न विचारायला जागा कुठे आहे? उर्दू शाळेतली रिक्त पदे कधी भरणार, हे मी कोणत्या कोपरा सभेत उठून विचारू? तोच अडथळा धडगावच्या पावरा बाईला आहे आणि ऊसतोडीला जाणाऱ्या भिल्ल मजुरालाही. एरवी टीव्हीवर प्रश्न आमच्याबद्दल विचारले जातात. उमेदवारांच्या मुनाजऱ्यात ते आमच्याकडून विचारले जातील. हा फरक लहान नाही.

आणि हे अशक्यही नाही. शाळेतल्या वादविवाद स्पर्धेचे नियम आठवा. क्रम चिठ्ठीने, एक मिनिट उरले की घंटा, परीक्षक स्पर्धक शाळेचा नाही. एवढेच नियम जिल्ह्याला लावायचे. अर्ज मागे घेण्याची मुदत संपली की यादीतल्या सगळ्या उमेदवारांना बोलवावे. संख्या जास्त असेल तर दोन-तीन गट करावेत. प्रश्न गावागावांतून आधी मागवून पेटीत टाकावेत आणि सर्वांसमोर काढावेत. एकाचा मायक्रोफोन चालू असताना बाकीचे बंद. उत्तर भिली, पावरी, अहिराणी, उर्दू, मराठी कोणत्याही भाषेत देण्याची मुभा असावी आणि खाली मराठी ओळी याव्यात. जो येणार नाही त्याची खुर्ची नावासह तशीच दिसावी. आणि हे सगळे मतदान संपण्याच्या ४८ तास आधी पार पडावे, कारण त्यानंतर टीव्हीवर निवडणूक प्रचाराचा मजकूर दाखवण्यास कायद्याने बंदी आहे.

विधानसभेच्या उमेदवाराला आपल्या राज्यात ४० लाख रुपयांपर्यंत खर्च करता येतो, लोकसभेला ९५ लाखांपर्यंत. ज्याच्याकडे एवढे पैसे नाहीत त्याला गाड्यांचे ताफे परवडत नाहीत. एका खुर्चीवर बसून दोन मिनिटे उत्तर देणे मात्र त्यालाही परवडते.

आमच्याच शहादा तालुक्यातल्या टेंभलीत २९ सप्टेंबर २०१० रोजी देशातले पहिले आधार क्रमांक दिले गेले. पंतप्रधान आले, बोटांचे ठसे आणि डोळ्यांच्या खुणा घेणारी यंत्रे आली. नागरिकाची ओळख पटवायला सरकार सातपुड्याच्या पायथ्यापर्यंत यंत्रे घेऊन येऊ शकते, तर उमेदवाराची ओळख पटवायला प्रसार भारतीचा एक कॅमेरा नंदुरबारला का येऊ नये? १९९८ च्या योजनेत चर्चेची तरतूद आहेच. ती जिल्ह्यापर्यंत आणि उमेदवारापर्यंत वाढवा, एवढीच मागणी आहे. पुढच्या निवडणुकीची घोषणा व्हायच्या आधी ती निवडणूक आयोगाकडे लेखी गेली पाहिजे. त्या अर्जावर उर्दू शाळेच्या पालकांच्या सह्या असाव्यात, तशाच पाड्यावरच्या आणि कारखान्याच्या वसाहतीतल्याही असाव्यात.