शॉकअप, खड्डे आणि पाठ

गाडीच्या सुट्या भागांमध्ये ज्याचं नाव सगळ्यात फसवं आहे असा भाग म्हणजे शॉकअब्सॉर्बर. आपण सगळे त्याला शॉकअप म्हणतो. नावावरून वाटतं की धक्के तो खातो. पण धक्का खाते ती स्प्रिंग. चाक खड्ड्यात गेलं की ती दबते आणि धक्का पोटात घेते. पुढची अडचण अशी की दबलेली स्प्रिंग उसळते, परत दबते, परत उसळते... झोपाळ्यासारखी. तो झोपाळा थांबवायचं काम शॉकअपचं. आत तेल असतं, तेलात दट्ट्या असतो आणि दट्ट्याला बारीक वाटा असतात. त्या वाटांतून तेल जोराने ढकललं गेलं की हालचालीची उष्णता होते आणि झोके मरतात. खराब रस्त्यावरून आल्यावर शॉकअप गरम लागतो तो यामुळेच.

हे सगळं डोक्यात आलं ते आमच्या मारुती ८०० मुळे. गाडी २००७ सालची. २०२२ मध्ये पंधरा वर्षं झाल्यावर पुढच्या पाच वर्षांसाठी नोंदणी करून घेतली, तेव्हाच निम्म्या नातेवाइकांनी 'आता काढून टाका' म्हणून सांगितलं होतं. गेल्या वर्षी आईच्या मणक्याचं दुखणं वाढलं आणि प्रश्न परत आला. खराडीतून दवाखान्यात जाऊन येईपर्यंत ती कळवळायची. सगळ्यांचं एकमत होतं की दोष रस्त्याचा. खराडीत राहणाऱ्या माणसाला हे पटवून द्यावं लागत नाही :-)

पण त्याआधी थोडा इतिहास, कारण मला स्वतःला तो फार मजेदार वाटला.

जुन्या टांग्याला, ट्रकला पाटे असतात. पोलादाच्या पट्ट्या एकावर एक. त्या एकमेकींवर घासतात आणि त्या घासण्यातच झोके बऱ्यापैकी मरतात. म्हणजे पाटा ही स्प्रिंगही आणि थोडाफार शॉकअपही. मोटारी वेगाने पळायला लागल्या तेव्हा मात्र एवढं पुरेना. फ्रान्समध्ये त्रुफो नावाच्या माणसाने चकत्या घासून झोके थांबवणारं यंत्र केलं आणि हार्टफर्डने ते अमेरिकेत नेलं. त्यानंतर तेलाचे शॉकअप आले. अमेरिकेत क्लीव्हलँडला क्लॉड फोस्टर नावाचा एक गृहस्थ गाडीच्या धुरावर वाजणारा भोंगा विकायचा. तुतारी फुंकणाऱ्या देवदूताच्या नावावरून भोंग्याचं नाव ठेवलं 'गॅब्रिएल'. पुढे त्याच कंपनीने झोके थांबवणारे पट्टे काढले आणि नाव तेच राहिलं. १९६१ साली दीप आनंद यांनी मुंबईत मुलुंडला गॅब्रिएल इंडिया सुरू केली. आज चाकणलाही त्यांचा कारखाना आहे. म्हणजे आपल्या मिस्त्रीच्या फळीवर जी खोकी दिसतात, त्यांच्यावरचं नाव मुळात एका भोंग्याचं!

आपल्याकडच्या गाड्यांकडे बघा. सोलापूरच्या वालचंद हिराचंदांनी १९४४ मध्ये प्रीमियर कंपनी काढली. कुर्ल्याच्या कारखान्यातून फियाट ११०० आणि पुढे तिचीच पद्मिनी झाली. तिच्या मागे पाटे, पण पुढे गुंडाळीची स्प्रिंग. गुंडाळीला स्वतःचं घर्षण जवळजवळ नसतं, त्यामुळे पुढचा शॉकअप गेला की गाडी होडीसारखी डुलणार. मुंबईची काळी-पिवळी पद्मिनी ऑक्टोबर २०२३ मध्ये वीस वर्षांच्या वयोमर्यादेमुळे रस्त्यावरून गेली. तोवर कितीतरी जणांनी ते डुलणं हाच गाडीचा स्वभाव समजून घेतला असेल.

मग डिसेंबर १९८३ मध्ये मारुती ८०० आली. तिच्या पुढे मॅकफर्सन स्ट्रट होता. मॅकफर्सन हा अमेरिकन इंजिनियर. १९५० च्या सुमारास इंग्लंडमधल्या फोर्डच्या गाड्यांत त्याची ही मांडणी प्रसिद्ध झाली. यात शॉकअप आणि स्प्रिंग एकाच खांबावर येतात आणि तो खांबच चाकाला उभं धरतो. जागा वाचते, पैसे वाचतात. पण आता शॉकअप नुसता झोके थांबवत नाही, स्टिअरिंग आणि ब्रेकचा भारही त्याच्यावर येतो. तो झिजला की बिघाड फक्त आरामापुरता राहत नाही. चाक रस्त्याला नीट चिकटत नाही आणि ब्रेक दाबल्यावर गाडी थांबायला जास्त अंतर घेते.

बरं, हे ओळखायचं कसं? अवघड एवढ्यासाठी आहे की शॉकअप एका दिवसात जात नाही. तो रोज थोडा थोडा जातो आणि आपण रोज थोडे थोडे सरावतो. चालवणाऱ्याला शेवटपर्यंत कळत नाही. कळतं ते अधूनमधून बसणाऱ्याला. आमच्याकडे ते आईच्या पाठीला कळलं.

चंदननगरच्या बाजूला एक मिस्त्री आहेत. त्यांनी गाडी चालवायच्या आधी आईला विचारलं, "काकू, स्पीडब्रेकरवर चढताना लागतं की उतरल्यावर?" आई म्हणाली, "उतरल्यावर. आणि एकदा नाही, दोन-तीनदा." मिस्त्री माझ्याकडे बघून म्हणाले, "दादा, अर्धं निदान काकूंनीच केलं."

मग त्यांनी पुढच्या मडगार्डवर दोन्ही हातांनी जोर देऊन गाडी दाबली आणि सोडली. धड शॉकअप असेल तर गाडी एकदा वर येऊन जागेवर थांबते. आमची डावी बाजू वर गेली, खाली आली, परत वर गेली. उजवी जरा बरी. चाकामागे बॅटरी मारली तर डाव्या नळीवर तेलाचा ओघळ आणि त्यावर धुळीचा थर. टायरवर हात फिरवला तर कडेला उंचसखल लागलं, म्हणजे चाक रस्त्यावर नाचत होतं. जोरात ब्रेक मारल्यावर गाडी नाक खाली घालते का तेही पाहिलं. घालत होती. पण एवढ्यावर न थांबता त्यांनी चाक उचलून हलवून बॉल जॉइंट आणि खालच्या आर्मचे बुश तपासले. पुढून 'खटखट' येते ती दरवेळी शॉकअपचीच असते असं नाही. बुश गेलेला असताना शॉकअप बदलला तर पैसे जातात आणि आवाज राहतो.

बदलायचे ते जोडीने. एकच नवा घातला तर दोन बाजू वेगवेगळ्या वागतात आणि ब्रेक मारताना गाडी एकीकडे ओढू शकते. चाक काढायचं, गाडी नुसत्या जॅकवर न ठेवता खाली घोडी लावायची. ब्रेकचा होज स्ट्रटवरून सोडवायचा, खालच्या बोल्टांच्या जागेवर खूण करून ते काढायचे, मग बोनेटखालचे वरचे नट. खांब बाहेर येतो. खरा धोका इथून पुढे आहे. स्प्रिंग दाबलेली असते आणि तिला अडवून धरलेलं असतं ते मधल्या एका नटाने. कॉम्प्रेसर लावून स्प्रिंग आवळल्याशिवाय तो नट सोडला तर ती बंदुकीसारखी उडते. हात, तोंड, काहीही जाऊ शकतं. हौस म्हणून घरी करायचं हे काम नाही, आणि कुणी कॉम्प्रेसरशिवाय करत असेल तर गाडी परत घेऊन यावी.

स्प्रिंग आमची चांगली होती, तीच ठेवली. वरचं रबरी माउंटिंग, आतला बंप स्टॉप आणि धुळीचं कव्हर मात्र नवीन. जुना शॉकअप मिस्त्रींनी माझ्या हातात दिला. दांडा दाबला तर काही अडथळाच नाही, सायकलचा फाटका पंप दाबावा तसा आत गेला. नवा दाबताना जोर लागला. शेवटी अलाइनमेंट, कारण खालचे बोल्ट हलले की चाकाचा कल बदलतो.

आता रस्त्याविषयी. १९२७ साली बॅ. मुकुंदराव जयकरांच्या अध्यक्षतेखाली देशातल्या रस्त्यांसाठी एक समिती नेमली होती. हेच जयकर पुढे पुणे विद्यापीठाचे पहिले कुलगुरू झाले, विद्यापीठातलं जयकर ग्रंथालय त्यांच्याच नावाचं. त्या समितीच्या शिफारशींतून पेट्रोलवरच्या कराचा रस्ते निधी आला आणि १९३४ मध्ये इंडियन रोड्स काँग्रेस स्थापन झाली. त्याच संस्थेने १९८८ मध्ये स्पीडब्रेकरचं माप लिहून ठेवलं. रुंदी ३.७ मीटर, उंची १० सेंटीमीटर, ताशी २५ किलोमीटर वेगाने सुखाने ओलांडता यावा असा. खराडीत एखादा स्पीडब्रेकर मोजून बघा. आमच्या गल्लीतला मी पट्टी लावून मोजला, रुंदी पाऊण मीटरसुद्धा नाही.

खराडी १९९७ साली महापालिकेत आली. तोवर नगर रस्त्याकडेचं शेतीचं गाव. मग आयटी पार्क आले, मनोरे आले, पाण्याचे टँकर आले, वाघोलीकडून खडीचे डंपर आले, आणि या ना त्या लाइनसाठी रस्ता खणून कसाबसा बुजवणं आलं. रस्त्याने करायचं काम शॉकअपवर आलं, आणि शॉकअप थकला तेव्हा ते आईच्या पाठीवर आलं. रस्ता माझ्या हातात नाही. तक्रार करत राहायची, करतोच आहे. शॉकअप मात्र हातात होता.

आई आता त्याच रस्त्याने जाऊन येते. दुखणं गेलेलं नाही, ते मणक्याचं आहे. पण परत आल्यावर तासभर आडवं पडावं लागायचं ते थांबलंय. गाडी २०२७ पर्यंत तरी ठेवायची असं ठरलं. 'काढून टाका' म्हणणाऱ्या काकांनी हे वाचलं असेल तर कृपया नोंद घ्यावी :-)

आणि ज्यांच्याकडे दहा-बारा वर्षांची गाडी आहे त्यांनी एवढंच करा. गाडी सपाट जागी, इंजिन बंद. पुढच्या मडगार्डवर जोर देऊन दाबा, सोडा आणि मोजा. मग जो नेहमी बाजूच्या सीटवर बसतो त्याला विचारा, स्पीडब्रेकर उतरल्यावर किती वेळा लागतं. चालवणाऱ्याला विचारू नका, तो सरावलेला असतो.