कीर्दीतून निपजलेली प्रतिकृती

वाढत्या उद्योगाचा डेटाबेस एका सर्व्हरला पेलेनासा झाला की त्याच्या प्रतिकृती, म्हणजेच रेप्लिका, उभ्या करून वाचनाचा भार त्यांच्यावर सोपवला जातो. ही पद्धत वाढीच्या गरजेतूनच जन्मली असावी असा समज सहज होतो. तिचे मूळ मात्र यंत्र मध्येच बंद पडण्याच्या भीतीत सापडते.

एडगर कॉड यांनी 1970 साली आयबीएमच्या सॅन होसे येथील प्रयोगशाळेतून रिलेशनल प्रारूप मांडले, त्यातून माहिती तक्त्यांत कशी बसवावी हे ठरले. परंतु एका खात्यातून रक्कम वजा झाली आणि दुसऱ्यात जमा होण्याआधीच वीज गेली तर काय, हा प्रश्न उरलाच. त्याच प्रयोगशाळेतील जिम ग्रे यांनी 1978 च्या टिपणांत राइट-अहेड लॉगचा नियम विशद केला. तक्त्यातील बदल डिस्कवर उतरण्यापूर्वी त्याची नोंद लॉगमध्ये, म्हणजे फक्त शेवटी भर पडत जाणाऱ्या क्रमवार वहीत, पक्की झाली पाहिजे, असा तो नियम होय. पेढीवर व्यवहार आधी कीर्दीत टिपून मग खतावणीत चढवतात, त्याच जातीचा हा क्रम आहे. खतावणी खराब झाली तरी कीर्दीवरून ती पुन्हा लिहून काढता येते.

मग ती दुसऱ्या यंत्रावरही लिहून काढता येईल, या साध्या पण फलदायी जाणिवेत प्रतिकृतीचे बीज आहे. पोस्टग्रेएसक्यूएलमध्ये हा प्रवास टप्प्याटप्प्याने दिसतो: 2001 च्या 7.1 आवृत्तीत लॉग आला तो केवळ बिघाडातून सावरण्यासाठी, 2005 च्या 8.0 मध्ये साठवलेल्या लॉगवरून हव्या त्या क्षणापर्यंतची स्थिती परत मिळवता येऊ लागली, आणि 2010 च्या 9.0 मध्ये तोच लॉग अखंड प्रवाहाने दुसऱ्या सर्व्हरकडे जाऊ लागून तेथे वाचनही शक्य झाले.

मायएसक्यूएलने 2000 साली निराळी वाट धरली. त्याच्या बायनरी लॉगमध्ये बदललेल्या ओळींऐवजी बदल घडवणारी आज्ञाच नोंदली जाई. ‘यांपैकी कोणत्याही दहा ओळी काढून टाक’ अशी आज्ञा, क्रम न सांगता, दोन सर्व्हरांवर चालवली तर दोन्हीकडे वेगळ्या ओळी जाऊ शकतात, आणि प्रतिकृती कोणतीही तक्रार न करता मूळ प्रतीपासून दुरावते. म्हणूनच पुढे 5.1 आवृत्तीत ओळींचीच नोंद ठेवण्याची सोय झाली.

प्रत्येक प्रतीवर लेखनाची मुभा का देत नाहीत, याचे उत्तर ग्रे व सहकाऱ्यांच्या 1996 च्या निबंधात आहे: अशा रचनेत सर्व्हर आणि त्यांच्यावरील काम दहापट वाढले, तर एकमेकांच्या कुलपांची वाट पाहत व्यवहार अडकून पडण्याचे प्रसंग हजारपट वाढतात. त्यामुळे लेखन बहुधा एकाच मुख्य सर्व्हरवर राहिले, आणि तेही त्याला झेपेनासे झाले तेव्हा शार्डिंग, म्हणजे ग्राहकक्रमांकासारख्या किल्लीनुसार तक्त्याचीच वाटणी, अपरिहार्य ठरली. यूट्यूबमध्ये 2010 साली सुरू झालेला व्हिटेस हा प्रकल्प याच निकडीतून आला. दोन शार्डांना स्पर्श करणारा व्यवहार मात्र एका लॉगच्या आवाक्याबाहेर जातो. दोन्हीकडून आधी तयारीची हमी आणि मगच अंतिम मंजुरी घेणारी टू-फेज कमिट पद्धत तेथे वापरावी लागते, आणि तिच्यातील प्रतीक्षेची किंमत प्रत्येक व्यवहाराला मोजावी लागते.