एकच अस्थिर दिशा

भौतिकशास्त्र शिकताना माझ्या डोक्यात एक गोष्ट पक्की बसली होती: समीकरणाचं उत्तर अस्थिर निघालं, की ते निसर्गात सापडायचं नाही; सोडा आणि पुढे चला. कृष्णविवराच्या उंबरठ्याची गोष्ट वाचताना हा समज मोडला.

१९९३ साली मॅथ्यू चॉपट्युइकने संगणकावर अदिश क्षेत्राची लाट स्वतःच्याच गुरुत्वाकर्षणाने कोसळवून पाहिली. लाट दुबळी असेल तर विखरते, जोरकस असेल तर कृष्णविवर होतं. तो मधली सीमा शोधत गेला. सीमेजवळ जावं तसं कृष्णविवर लहान होत जाई. त्याचं वस्तुमान सीमेपासूनच्या अंतराच्या सुमारे ०.३७ व्या घाताने घटत होतं. ऐन सीमेवर तर तीच आकृती दर खेपेला सुमारे तीसपट लहान होऊन पुन्हा उमटत होती.

त्याच वर्षी गुरुत्वीय लहरींसाठीही जवळपास तोच आकडा आला. १९९४मध्ये चार्ल्स इव्हान्स आणि जेसन कोलमन यांनी प्रारणाचा द्रायू घेतला, म्हणजे ज्याचा दाब ऊर्जाघनतेच्या एक-तृतीयांश असतो असा. इथे टप्पे नव्हते; आकृती तशीच राहून सलग आकसत होती. आकडा आला ०.३६. तीन वेगळे पदार्थ आणि एकच आकडा! त्या वर्षी कुणी विचारलं असतं, तर हा विश्वाचा स्थिरांक आहे यावर मीही पैज लावली असती.

१९९५मध्ये कोइके, हारा आणि आदाची या जपानी संशोधकांनी द्रायूच्या त्या स्वसदृश उत्तराला किंचित धक्का देऊन पाहिला. वाढत जाणारे विक्षोभ किती? नेमका एक. घाटमाथ्यावरची खिंड आठवा: दोन्ही बाजूंच्या शिखरांवरून धारेने येणारा खिंडीतच उतरतो, पण तिथून आडवं पाऊल पडलं की एक तर कोकणात, नाही तर देशावर. अस्थिर दिशा एकच असल्यामुळे एकच खुंटी पिळून सीमा गाठता येते. दोन असत्या, तर चॉपट्युइकच्या पद्धतीने ती हाती लागलीच नसती. त्या विक्षोभाच्या वाढीचा दर २.८१, त्याचा व्यस्त ०.३५५८.

म्हणजे आकडा अस्थिरतेतूनच येत होता. मग १९९६मध्ये डीटर मेसनने दाब आणि घनता यांचं गुणोत्तर बदलत नेलं, तेव्हा आकडा सुमारे ०.११पासून ०.८२पर्यंत फिरला. आधीचं साम्य निव्वळ योगायोग होता.

१९९७मध्ये स्टीफन हॉकिंग नग्न सिंग्युलॅरिटीवरची पैज किप थॉर्न आणि जॉन प्रेस्किल यांच्याविरुद्ध हरले, ती याच सीमेमुळे. पण सीमेवर नेमकं पोचायला खुंटी अचूक पिळावी लागते, म्हणून नव्या पैजेत त्यांनी 'सर्वसाधारण सुरुवातीपासून' अशी अट घातली. पळवाट? मला तरी ती अट रास्त वाटते.

द्रायूंनी मात्र इथेही घोळ घातला. २००१मध्ये हाराडा आणि माएदा यांना दिसलं, की दाब घनतेच्या तीन टक्क्यांपर्यंत असेल, तर लार्सन–पेन्स्टन हे दुसरं स्वसदृश उत्तर स्थिर असतं. कोसळणारा द्रायू खुंटी न पिळताच तिकडे ओढला जातो. आणि दाब साधारण एक टक्क्याहून कमी असेल, तर त्या उत्तरातली सिंग्युलॅरिटी नग्न असते, हे ओरी आणि पिरान यांनी १९८७पासूनच्या कामात दाखवलं होतं. अर्थात हा सगळा हिशोब पूर्ण गोल कोसळण्याचा आहे.