फॉर्म्युला वनची सर्किट जगभर पसरली, मग भारतातली शर्यत का थांबली?

फॉर्म्युला वनच्या गाडीची चारही चाकं उघडी असतात आणि आत फक्त चालकापुरती जागा असते. या गाड्यांची जागतिक अजिंक्यपद स्पर्धा १३ मे १९५० रोजी इंग्लंडमधल्या सिल्व्हरस्टोन इथं सुरू झाली. हे सर्किट दुसऱ्या महायुद्धातल्या लष्करी विमानतळावर तयार झालं होतं. पहिल्या वर्षी सात शर्यती झाल्या. त्यातली अमेरिकेतली इंडियानापोलिस सोडली, तर बाकी सगळ्या युरोपात होत्या. २०२४ मध्ये हा आकडा २४ वर गेला.

सर्किट कशी असतात?

काही सर्किट फक्त शर्यतींसाठी बांधलेली असतात. बेल्जियममधलं स्पा तब्बल ७.००४ किलोमीटरचं आहे. मोनाकोत मात्र शहरातलेच रस्ते बंद करून ३.३३७ किलोमीटरच्या ७८ फेऱ्या होतात. कुठेही शर्यत घ्यायची, तर एफआयए या जागतिक संघटनेचा 'ग्रेड वन' परवाना लागतो.

नवे देश कसे आले?

१९५३ मध्ये अर्जेंटिना, १९७६ मध्ये जपान, १९९९ मध्ये मलेशिया, तर २००४ मध्ये बहरीन आणि चीन या नकाशावर आले. यजमानपदासाठी आयोजकांना मोठी फी भरावी लागते. त्यामुळे अनेक ठिकाणी सरकारच खर्च उचलतं. खर्च वाढला आणि तिकीटविक्री घटली, तेव्हा मलेशियाने २०१७ नंतर शर्यत बंद केली. आफ्रिकेत तर १९९३ नंतर एकही शर्यत झालेली नाही.

भारतात काय झालं?

ग्रेटर नोएडातलं ५.१२५ किलोमीटरचं बुद्ध इंटरनॅशनल सर्किट जेपी समूह या खासगी कंपनीने बांधलं. तिथं २०११, २०१२ आणि २०१३ अशा तीन शर्यती झाल्या. तिन्ही सेबॅस्टियन वेटेलने जिंकल्या. पण करमणूक कर, सीमाशुल्क आणि आयकर यांचे वाद सुरूच राहिले. या सर्किटवरच्या शर्यतीतून झालेल्या कमाईवर फॉर्म्युला वन कंपनीला भारतात कर भरावा लागेल, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्ये दिला. तोवर शर्यत बंद पडून चार वर्षं होत आली होती.

मुंबईचा जेहान दारूवाला

भारताचे दोनच चालक फॉर्म्युला वनमध्ये धावले आहेत: नारायण कार्तिकेयन आणि करुण चंडोक. मुंबईचा जेहान दारूवाला त्याच्या एक पायरी खाली पोहोचला. २०११ मध्ये फोर्स इंडिया संघाच्या शोधमोहिमेत त्याची निवड झाली. पुढचं शिक्षण त्याला युरोपातल्या ट्रॅकवर घ्यावं लागलं. डिसेंबर २०२० मध्ये बहरीनला फॉर्म्युला टू शर्यत जिंकणारा तो पहिला भारतीय ठरला. महाराष्ट्रात मात्र आजही ग्रेड वन सर्किट नाही.