विंचवाचे बिऱ्हाड

आमच्या गोंदिया जिल्ह्यात दिवाळी भाऊबीजेला संपत नाही. ती तेव्हा कोठे रंगात येते. गावोगावच्या मंडया भरू लागतात. दिवसा बाजार, रात्री दंडार, खडी गंमत, नाहीतर नाटक. नाटकाची मंडळी येतात ती सारा संसार बरोबर घेऊन. पडदे त्यांचे, पेटी त्यांची, दिवे आणि रंगाचे डबेही त्यांचेच. गावाने द्यायचे ते मोकळे मैदान आणि पुढे बसायला माणसे. पहाटे मंडळी निघून जातात आणि मैदान होते तसे उरते.

गेल्या वर्षी मंडईच्या दिवसांत माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याने मला अशीच एक नाटकमंडळी दाखवली. ती त्याच्या सदऱ्याच्या खिशात मावत होती!

झाले होते असे. आमच्या गावात एक वृद्ध शाहीर आहेत. तरुणपणी दंडारीत ते लुगडे नेसून उभे राहिले की बायका आपली नथ चाचपून पाहत, असे जुनी माणसे सांगतात. बऱ्याच वर्षांपूर्वी कोणी त्यांच्या एका दंडारीचे चित्रण केले होते आणि मुलाने ते पेनड्राइव्हमध्ये जपून ठेवले होते. शाहिरांनी मात्र स्वतःला नाचताना कधी पाहिले नव्हते. मोबाइलच्या पडद्यावर त्यांच्या अधू डोळ्यांना काही दिसत नसे. शाळेत प्रोजेक्टर धड होता. पण त्याला जोडायचा लॅपटॉप दगड होऊन पडला होता. तालुक्याच्या दुरुस्तीवाल्याने सांगितले, "हार्ड डिस्क गेली. भंगारात द्या." मी तो कपाटावर ठेवून दिला होता.

विद्यार्थी म्हणाला, "गुरुजी, यंत्र मेलं नाही. त्याची फक्त आठवण गेली आहे. आपण त्याला बाहेरून सांगू."

हे 'बाहेरून सांगणे' काय असते, याचा मी मग शोध घेतला. वाचकहो, संगणक बटण दाबताच शहाणा होत नाही. त्याच्या पाटीवर कायमचे कोरलेले एक लहानसे टिपण असते. जुन्या यंत्रांत त्याला बायोस म्हणत. 'पुढचा धडा अमुक ठिकाणी वाच', एवढेच ते सांगते. बुटाचा पट्टा धरून आपणच आपल्याला उचलावे, अशी साहेबांच्या भाषेत एक थट्टा आहे. त्यावरून या क्रियेला 'बूट होणे' हे नाव पडले.

हा पुढचा धडा यंत्राच्या पोटातच असायचा, असे आपण धरून चालतो. इतिहास मात्र उलटा आहे. १९८१ साली आयबीएमने आपला पहिला पीसी विकायला काढला, तेव्हा त्याच्या पोटात हार्ड डिस्क नव्हतीच. १० मेगाबाइटची डिस्क आली ती १९८३ च्या एक्सटी या यंत्रात. तोवर सगळा कारभार फ्लॉपीवरून चाले. १९८२ चा मायक्रोसॉफ्टचा विमान उडवण्याचा खेळ तर मध्ये कोणतीही प्रणाली न घेता थेट फ्लॉपीवरून सुरू होई. यंत्र चालू केले की विमान, बंद केले की काही नाही! पुढे पोटातल्या डिस्का वाढत गेल्या, प्रणाली त्यांत ठाण मांडून बसल्या, आणि पाहुणा घरमालक झाला.

त्या पाहुण्याला पुन्हा बाहेर काढले ते आपली विद्या फुकट वाटणाऱ्या माणसांनी. १९९१ साली हेलसिंकीच्या लिनस टोरवाल्ड्स या विद्यार्थ्याने लिनक्सचा गाभा लिहून जगापुढे ठेवला. २००० साली जर्मनीच्या क्लाउस नॉपर यांनी नॉपिक्स काढले; सीडी घालावी, काम करावे, सीडी काढून घ्यावी, डिस्कला हात लावायचा नाही. जीएक्सबॉक्स नावाच्या प्रणालीने याच वाटेवर आणखी एक पाऊल टाकले. ती अवघ्या काही मेगाबाइटांची होती आणि सबंध यंत्राच्या स्मृतीत जाऊन बसे. मग तिची सीडी काढून त्याच खाचेत सिनेमाची सीडी घालता येई. तिला दुसरे काही येत नसे आणि तिचे काही अडतही नसे.

दुसरा प्रवाह खेळण्याच्या डब्यातून आला. २००१ साली मायक्रोसॉफ्टने एक्सबॉक्स काढला. त्याची स्मृती ६४ मेगाबाइट. २००२ मध्ये काही हौशी मंडळींनी, उत्पादकाची परवानगी न घेता, त्यावर चित्रपट चालवणारा कार्यक्रम रचला. तो एवढ्या अपुऱ्या जागेत वाढला म्हणून काटक निघाला. पुढे तो लिनक्सवर आला आणि २०१४ साली त्याचे नाव कोडी झाले. २००९ साली ओपनइलेक हे काम सुरू झाले आणि त्यातूनच २०१६ साली लिब्रेइलेक वेगळे निघाले. दोघांचा उद्देश एकच: कोडी चालायला जेवढी प्रणाली लागते तेवढीच ठेवायची, बाकी सारे टाकून द्यायचे. तिची मूळ प्रणाली घट्ट मिटलेल्या एका फाइलीत असते. ती वाचली जाते, तिच्यावर लिहिले जात नाही. आपल्या नोंदींसाठी वेगळा कप्पा असतो.

आणि हे सारे वाहून नेणारी ती बोटभर कांडी? यूएसबीची जोडणी १९९६ साली ठरली. ती घडवणाऱ्यांतले एक प्रमुख अजय भट्ट बडोद्याच्या सयाजीराव विद्यापीठात शिकलेले. २००० साली पहिल्या कांड्या बाजारात आल्या, त्यांतली एक ८ मेगाबाइटची होती.

आता मंडईच्या संध्याकाळकडे येतो. विद्यार्थ्याने आपली कांडी खोचली, बटण दाबले आणि एफ-१२ ची कळ टपटपवली. कोणत्या यंत्राला कोणती कळ, हे ज्याचे त्याने पाहावे. काहींत 'सिक्युअर बूट' आधी बंद करावे लागते, आणि यंत्र ६४-बिटी हवे. पडद्यावर 'इन्स्टॉल' असे दिसले की घाईने होय म्हणू नये. धडधाकट डिस्क असेल तर ती पुसली जाते. आमच्याकडे पुसण्यासारखे काही उरलेच नव्हते! थोड्याच वेळात भिंतीवर कोडीची यादी उमटली. कोडीपाशी स्वतःचे एकही चित्र नसते; आपण देऊ ते तो दाखवतो. आम्ही शाहिरांच्या मुलाची कांडी दिली.

भिंतीवर माणसाएवढी दंडार उभी राहिली. शाहीर खुर्ची सोडून भिंतीजवळ गेले. त्यांची सावली चित्रावर पडली तरी कोणी काही बोलले नाही.

"मास्तर, हा मीच आहो का?"

"तुम्हीच, बुवा."

ते बराच वेळ पाहत राहिले. मला वाटले, आता डोळे भरून येतील. ते एकदम म्हणाले, "थांबवा. ढोलकी मांगं राह्यली इथं. पुन्हा लावा."

आम्ही पुन्हा लावले. तीनदा लावले. चौथ्या वेळी शाहिरांनी हाताने ताल धरला आणि पुढे बसलेल्या सातवीच्या दोन पोरांना उठवून पाय कसा टाकायचा ते दाखवले. गेली कित्येक वर्षे त्यांनी कोणाला काही शिकवले नव्हते.

२०२५ च्या ऑक्टोबरमध्ये विंडोज १० चा नेहमीचा सांभाळ मायक्रोसॉफ्टने थांबवला. त्यापुढच्या आवृत्तीत न बसणारी किती तरी यंत्रे आता कपाटांवर चढतील. इंटरनेटवरच्या व्यवहाराला ती नसतील योग्य. पण नाटकाला मैदान लागते, महाल लागत नाही.

रात्री विद्यार्थ्याने कांडी काढून खिशात टाकली. लॅपटॉप पुन्हा होता तसा दगड झाला. मी मात्र या खेपेला तो कपाटावर ठेवला नाही, टेबलावरच ठेवला. ती दोन पोरे दुसऱ्या दिवशी येणार होती.